भेव लागते म्हणजे माहा विश्वास नाही का?

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका, असं त्यांनी पत्राच्या वरही लिहिलं आहे आणि खालीही. तेवढं गाळून, थोडं आटोपशीर करून त्यांच्याच शब्दांत देतो.

"सलाम पास्टरसाहेब. आमचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. मागच्या पोळ्याच्या आठवड्यात ह्यांना वावरात घोणस चावली. सोयाबीनमधलं गवत काढून राहिले होते. दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला, दुसऱ्या दिवशी गेले. शुद्धच नव्हती, शेवटची प्रार्थनाही करता आली नाही. तेव्हापासून मले रात्री झोप नाही. दिवा मालवला की छाती धडधडते. मरणाचं लय भेव लागते, माह्या मरणाचं अन् पोराच्याही. रात्रीची लाइन आली की पोरगा हरभऱ्याले पाणी द्याले जातो म्हणते, मी दारात बसून राहतो, जाऊ देत नाही. हरभरा वाळून राहिला. त्याले नागपूरले नोकरी लागून राहिली, तिथं रस्त्यावर गाड्या लय म्हणून तिथंही नाही सांगितलं. सातबाऱ्यावर अजून ह्यांचंच नाव आहे. दाखला घेऊन तलाठ्याकडे जा म्हणतात, माहे पाय उचलत नाहीत. जाऊबाई आपल्यातल्या नाहीत. त्या म्हणतात, अकाली गेलेला माणूस घराभोवती घुटमळते, अमावास्येले उतारा ठेव. मी ठेवला नाही, पण अमावास्येच्या रात्री दार उघडत नाही. मंडळीत बाहेरून एक प्रचारक आले होते. ते म्हणाले, ज्याले मरणाची भीती वाटते त्याचा पुनरुत्थानावर विश्वासच नाही. ईस्टरले मी सगळ्यांसंगं 'प्रभू उठला आहे' म्हणतो अन् घरी येऊन कापतो. मग मी खोटी आहे काय? अन् कबरीवर दगड बसवायचा आहे, त्याच्यावर काय लिहू?"

ताई, सलाम.

आधी त्या प्रचारकांचं वाक्य बाजूला काढतो. ते चुकीचं आहे, आणि नवरा गमावलेल्या बाईसमोर उच्चारलं गेलं म्हणून क्रूरही आहे. त्यांनी ते मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. पण मंडळीत उभं राहून बोलणाऱ्या माणसाने गेथशेमाने वाचलेलं असलं पाहिजे.

गेथशेमानेच्या बागेत येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांना जवळ बसवून घेतलं आणि माझा जीव मरणाइतका खिन्न झाला आहे, तुम्ही माझ्याबरोबर जागे राहा, असं सांगितलं. मग थोडं पुढे जाऊन तो जमिनीवर पडला आणि हा प्याला माझ्यापासून दूर कर, असं पित्याला म्हणाला. लूक लिहितो की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात तर त्याने मोठा आक्रोश करून आणि अश्रू गाळून प्रार्थना केल्या, असं सरळ म्हटलं आहे. आपण तिसऱ्या दिवशी उठणार, हे त्याने शिष्यांना आधीच सांगितलं होतं. तरीही त्या रात्री त्याचा जीव कासावीस झाला. मरण समोर आल्यावर कापणं हे अविश्वासाचं लक्षण असेल, तर त्या प्रचारकांना येशूविषयी काय म्हणायचं आहे, ते त्यांनाच विचारावं लागेल.

बेथानीचंही पाहा. लाजर मरून चार दिवस झाले होते. येशू तिथे गेला तो त्याला उठवायलाच. पुढच्या घटकेला काय होणार आहे हे त्याला ठाऊक होतं. तरी लाजरची बहीण मरीया रडताना दिसली, तिच्यासोबत आलेले लोक रडताना दिसले, आणि तो रडला. त्याने तिला, "अगं, आता उठेलच तो, कशाला रडतेस," असं म्हटलं नाही. आपल्याकडे मयताच्या घरी जाऊन लोक नेमकं हेच म्हणतात, "रडू नका, ते प्रभूजवळ सुखात आहेत." सुखात असतीलच. पण चुलीजवळची जागा रिकामी आहे ना! पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असं लिहिलं. शोकच करू नका असं त्याने कुठे लिहिलेलं मला सापडत नाही.

आता ईस्टरच्या पहाटेकडे या, कारण तुमचा खरा प्रश्न तिथलाच आहे. मार्कच्या सोळाव्या अध्यायात तीन बायका कबरीकडे निघतात: मरीया मग्दालिया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे. सुगंधी द्रव्यं घेऊन, उजाडता उजाडता. वाटेत त्यांचं बोलणं चाललं आहे की कबरीच्या तोंडावरचा दगड आपल्यासाठी कोण लोटणार? त्याचं उत्तर त्यांच्याजवळ नाही. तशाच निघाल्या आहेत. पोचल्यावर दगड लोटलेला दिसतो आणि पांढऱ्या झग्यातला तरुण त्यांना सांगतो की तो उठला आहे, येथे नाही. आणि त्या काय करतात? पळतात. थरथर कापत पळतात आणि कोणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. मार्कच्या सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत शुभवर्तमान या आठव्या वचनावरच थांबतं. पुनरुत्थानाची बातमी जगात सगळ्यांत आधी ज्यांनी ऐकली त्या तिघी बायका कापतच घरी गेल्या होत्या, ताई. तुम्ही ईस्टरची उपासना करून घरी येऊन कापता, तेव्हा खोट्या ठरत नाही. त्या तिघींच्या ओळीत उभ्या राहता.

मग भीतीपासून मुक्ती म्हणतात ती कोणती? त्याच इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, चौदाव्या आणि पंधराव्या वचनांत ती लिहिली आहे. तुमच्या पवित्र शास्त्रात तिथे खूण करून ठेवा. ख्रिस्त आपल्यासारखाच रक्तामांसाचा झाला, तो यासाठी की मरणावर ज्याची सत्ता होती त्या सैतानाला त्याने मरणाने शून्यवत करावं आणि मरणाच्या भयाने जे जन्मभर दास्यात होते त्यांना सोडवावं. हे दास्य म्हणजे भीतीने आपल्या घराचा कारभार हातात घेणं. तुमच्या पत्रात मला जे सलतं ते हेच. छाती धडधडते, याचं मला काही वाटत नाही, ती धडधडणारच. पण हरभऱ्याला पाणी द्यायचं की नाही हे भीती ठरवते. पोराने नागपूरला जायचं की नाही हेही तीच ठरवते. सातबाऱ्यावर कोणाचं नाव असावं, अमावास्येला दार उघडावं की नाही, सगळं तिलाच विचारून चाललं आहे. ख्रिस्ताने सोडवलं ते यातून. भीती जन्मभर अधूनमधून दारात येत राहील. पण तिच्या हुकमाने घर चालवायला आपण बांधलेले नाही.

हे नुसतं मन घट्ट करून होत नाही. "धीर धरा" म्हणून मी पत्र संपवलं तर तुम्ही आजही तशाच जाग्या राहाल. भीतीचा हुकूम मोडायला तिच्यापेक्षा मोठं काहीतरी पायाखाली लागतं. म्हणून आपली आशा नेमकी काय आहे ते जरा विस्ताराने सांगतो. ती आपण पुष्कळदा अर्धीच सांगतो, आणि अर्धी आशा रात्री उपयोगाला येत नाही.

अर्धी आशा अशी: शरीर हे पिंजरा, ते मातीत गेलं, आत्मा वर गेला, संपलं. आपल्या मंडळ्यांतही पुष्कळ जण मनातून एवढंच मानतात. पण विश्वासांगीकारात, म्हणजे सगळे मिळून म्हणतो त्या विश्वासाच्या कबुलीत, आपण "शरीराचे पुनरुत्थान" म्हणतो. पौलाने करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र लिहिलं ते इ. स. 55 च्या आसपास, म्हणजे येशूच्या वधस्तंभानंतर साधारण पंचवीस वर्षांत. त्या मंडळीतच काही जण, मेलेल्यांचं पुनरुत्थान नाही, असं म्हणत होते. पौलाने त्यांना मंडळीबाहेर काढलं नाही. अख्खा पंधरावा अध्याय त्यांच्याशी बोलण्यात घालवला. आधी उठलेल्या ख्रिस्ताला पाहणारे साक्षीदार सांगितले: केफा म्हणजे पेत्र, बारा जण, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू, ज्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, मग याकोब, मग सर्व प्रेषित, आणि शेवटी आपण स्वतः. बहुतेक हयात आहेत, या म्हणण्यात जाऊन विचारा, असं आव्हान आहे. आणि ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ, तुमचा विश्वास व्यर्थ, असंही त्याने तिथेच लिहून टाकलं. इतकं रोखठोक बोलणारा माणूस मला विश्वासू वाटतो.

मग कोणत्या शरीराने उठतात, या प्रश्नावर त्याने दिलेला दाखला शेतकऱ्याच्या घरात समजावून सांगायला नको. तू पेरतोस तो नुसता दाणा असतो, पुढे होणारं अंग तू पेरत नाहीस, असं तो म्हणतो. तुमच्या वावरात मृगात सरकी डोबतात. मातीत जाते ती एवढीशी टणक बी. दोन महिन्यांनी कमरेएवढं झाड, पिवळं फूल, मग बोंड, मग पांढरा कापूस. सरकी हातात धरून आयुष्यात कपाशी न पाहिलेल्या माणसाला ते झाड कितीही वर्णन करून सांगितलं तरी पटणार नाही. पण झाड त्याच सरकीचं असतं, शेजारच्या वावरातल्या तुरीचं नसतं. तुमचे मालक उठतील ते तुमचेच मालक म्हणून उठतील, ही ख्रिस्ती आशा. नाशवंत पेरलं जातं, अविनाशी उठवलं जातं. एक मात्र ध्यानात ठेवा. सरकी आपसूक उगवते, ओल मिळाली की झालं. मेलेला माणूस आपसूक उठत नाही. त्यात निसर्गाचा नियम नाही, देवाचा हात आहे. म्हणून आपली सगळी भिस्त ज्याने येशूला उठवलं त्याच्यावर. आपला विश्वास किती घट्ट यावर ती असती, तर तुमच्यासारखाच मीही रात्री जागा राहिलो असतो.

आता जाऊबाईंचं बोलणं. लूकच्या चोविसाव्या अध्यायात उठलेला प्रभू शिष्यांच्या मधोमध उभा राहतो तेव्हा त्यांना काय वाटतं? भूत दिसलं असं वाटतं! तो म्हणतो, माझे हात नि माझे पाय पाहा, मला चाचपून पाहा, जसे मला हाडमांस आहे तसे भुताला नसते. तेवढ्याने भागत नाही असं दिसल्यावर तो खायला मागतो, आणि ते भाजलेल्या माशाचा तुकडा देतात तो त्यांच्यादेखत खातो. तुमच्या घराण्यात तीन पिढ्या ज्याच्यावर विश्वास ठेवला, त्याने ही भुताची भीती स्वतः समोर उभं राहून, मासा खाऊन घालवली आहे. घराभोवती घुटमळणं हे ख्रिस्तात झोपी गेलेल्याच्या वाट्याला येत नाही. पौल मरणाविषयी लिहिताना, येथून सुटून ख्रिस्ताजवळ असणं, एवढंच म्हणतो. मरण आणि उठणं यांच्या दरम्यानच्या काळाबद्दल शास्त्र फार बोलत नाही, पण त्यांना कोणाच्या हाती सोपवलं ते सांगतं. अमावास्येची रात्रही त्याच हातात आहे. पुढच्या अमावास्येला दार उघडा, अंगणात जा, हवं तर पोराला सोबत घ्या, तेविसावं स्तोत्र मोठ्याने म्हणा आणि आत येऊन झोपा.

जाऊबाईंशी मात्र भांडू नका. दिरांवर त्यांचाही जीव होता, आणि त्यांना जे ठाऊक आहे त्यातून त्या तुमची काळजी करतात. "बाई, आमच्या प्रभूने त्यांना सांभाळलं आहे, ते कुठं भटकत नाहीत," एवढं शांतपणे सांगा. त्यांच्यापुढे एवढं एक वाक्य न डगमगता म्हणता आलं, तर तुमची साक्ष पुष्कळ झाली.

अकाली मरण आणि राहून गेलेली शेवटची प्रार्थना, याचं दुःख मला कळतं. आपल्याकडे मरणाऱ्याच्या उशाशी पाळक आहे, वचन वाचलं जातं आहे, घरचे गाणं म्हणत आहेत, असं मरण भाग्याचं मानतात. ते चांगलंच आहे. पण तारण त्या शेवटच्या दहा मिनिटांवर टांगलेलं नसतं. स्टीफन हिस्लॉप हे नाव तुम्ही नागपूरच्या कॉलेजामुळे ऐकलं असेल. 1845 साली नागपुरात मिशनचं काम त्यांनी सुरू केलं. दगडधोंड्यांचा, जीवाश्मांचा, इथल्या आदिवासींच्या चालीरीतींचा अभ्यास करणारा हा माणूस. सप्टेंबर 1863 मध्ये ते नागपूरजवळच्या टाकळघाटला गेले होते, कशासाठी, तर तिथली प्राचीन शिळावर्तुळं पाहायला. विदर्भात अशी दगडांची वर्तुळं पुष्कळ ठिकाणी आहेत, नागपूरजवळ जुनापाणीलाही आहेत. ती हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची दफनस्थानं. मेलेल्या माणसासोबत मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, घोड्याचा साज पुरलेला सापडतो. मेलेल्याला पुढे लागतील म्हणून कोणीतरी ह्या वस्तू ठेवल्या, असं मला त्यांच्याविषयी वाचताना नेहमी वाटतं. आपल्या या मातीत माणूस किती जुन्या काळापासून मरणापुढे हात पसरून उभा आहे! तर त्या कबरी पाहून रात्री घोड्यावरून परतताना हिस्लॉप पुराच्या नाल्यात बुडाले. पन्नाशीही गाठली नव्हती. अंधार, पाणी, उशाशी कोणी नाही, वचन नाही, गाणं नाही. ते प्रभूला अंतरले असं नागपूरच्या मंडळीतल्या कोणी म्हटलं असेल, असं तुम्हाला वाटतं का? तुमच्या मालकांबद्दलही कोणी म्हणू नये, आणि तुम्ही तर मुळीच म्हणू नये. जन्मभर रविवारी ज्या देवाचं नाव घेतलं, त्याने शुद्ध हरपल्यावर ओळख नाकारली, असा आपला देव नाही. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराजवळ आयुष्यातलं एकच वाक्य होतं, तेवढ्यावर त्याला सुखलोक मिळाला. तुमच्या मालकांची आयुष्यभराची वाक्यं देवाच्या कानात आहेत.

आता घराकडे या.

पोराला वावरात जाऊ द्या. पण डोळे मिटून जाऊ द्या असं मी म्हणत नाही. पुनरुत्थानावर विश्वास आहे म्हणून अनवाणी वावरात जाणं हा विश्वास नव्हे, ती देवाची परीक्षा पाहणं झालं. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घेऊन द्या, चांगली बॅटरी द्या, हातात काठी असू द्या, पाऊल टाकण्याआधी जमिनीवर आपटायला. एकटा नको, शेजारच्या वावरातल्या कोणाची पाळी असेल तर दोघांनी मिळून जावं. घरात जमिनीवर झोपत असाल तर आजपासून खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या, कारण मण्यार रात्री घरात शिरते आणि झोपलेल्याला चावते. चावलाच साप, तर जखम कापायची नाही, चोखायची नाही, आवळून बांधायची नाही, झाडपाल्यात नि मंत्रात वेळ घालवायचा नाही. चावलेला हात किंवा पाय हलू न देता सरळ सर्पदंशाची लस असलेल्या सरकारी दवाखान्यात. 108 ला फोन करा, गाडी यायला उशीर दिसला तर मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर ती एकच लस चालते. कोणत्या सरकारी दवाखान्यात ती ठेवलेली असते, ते पोराला याच आठवड्यात जाऊन विचारून यायला सांगा आणि गावातल्या चार जणांना कळवा. तुमच्या घरातून गेलेल्या माणसामुळे दुसऱ्या कोणाचं घर वाचलं, तर ते त्यांच्या आठवणीचं मोठं काम होईल. आणि त्या दिवशी उशीर झाला त्याचा हिशेब रात्री मनात मांडत बसू नका. तुम्ही नेलंत. धावत नेलंत.

नागपूरच्या नोकरीबाबत मी निकाल देणार नाही. वावर कोण पाहील, पगार किती, राहण्याची सोय काय, हे तुम्ही दोघांनी बसून ठरवायचं. या सगळ्यावर विचार करून "नको" ठरलं तर नको. पण "रस्त्यावर गाड्या लय" हे कारण भीतीचं आहे, ते त्या हिशेबात धरू नका. तुमच्या पोरानेही बाप गमावला आहे. आई दारात आडवी बसलेली रोज पाहून त्याच्या मनात काय चालत असेल? एकदा त्याला विचारा. "तुलेही भेव लागते का?" असं विचारा. मला वाटतं, तो बोलेल.

सातबाऱ्याचं काम यात सगळ्यांत जड आहे, हे मी जाणतो. त्या कागदावरचं नाव हललं की ते खरंच गेले असं होईल, म्हणून पाय उचलत नाहीत. मयताच्या घरी हे मी पाहिलेलं आहे. पण त्यांचं नाव तलाठ्याच्या दप्तरात टिकून राहिल्याने ते टिकत नाहीत, आणि तिथून कमी झाल्याने ते पुसले जात नाहीत. ते कुठे लिहिलेलं आहे, हे येशूने शिष्यांना सांगितलं आहे: तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत, यात आनंद माना. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं, आधारकार्डं, सातबारा घ्या आणि वारस नोंदीचा अर्ज द्या. खरं तर तीन महिन्यांत कळवायचं असतं, पण उशीर झाला म्हणून नोंद होत नाही असं नाही. ती झाली नाही तर पीक कर्ज, विमा, अनुदान सगळं अडून बसतं, आणि पोराच्या डोक्यावर ते ओझं राहतं. एकट्या जाऊ नका. मंडळीतल्या एखाद्या बाईला सोबत घ्या. त्या पहाटे कबरीकडे कोणी एकटी गेली नव्हती, तिघी गेल्या होत्या. दगड कोण लोटणार ते ठरलेलं नव्हतं, तरी निघाल्या. तलाठ्याच्या दारात रडू आलं तर येऊ द्या. दाखला हातात धरून रडणारी बाई त्यांनी पहिल्यांदा पाहिलेली नसणार.

झोपेबद्दल. इतके महिने झोप नाही, छाती धडधडते, म्हणजे शरीरही दमलं आहे. प्रार्थना करा आणि डॉक्टरलाही दाखवा, यात काही विरोध नाही. आपल्या भागात ख्रिस्ती घराणी मिशनच्या दवाखान्यांतच वाढली, आपल्याला तरी औषधाचा संकोच नसावा. सरकारची टेली-मानस ही सेवा आहे, 14416 हा नंबर, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. रात्री फार जड झालं, जगणंच नको असं कधी मनात आलं, तर सकाळची वाट पाहू नका, तेव्हाच पोराला उठवा आणि हा नंबर लावा. एरवी झोप येत नसेल तेव्हा अंधारात पडून राहू नका. उठा, दिवा लावा, योहानाचा अकरावा अध्याय वाचा. मोठ्याने वाचलात तर बरं. लाजरची दुसरी बहीण मार्था येशूला सरळ म्हणते, "प्रभू, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता." ही तक्रार आहे, आणि ती पवित्र शास्त्रात जशीच्या तशी छापलेली आहे. तुमच्याही मनात तीच असेल. ती दाबून ठेवून वर स्तुतीचं गाणं म्हणायची गरज नाही. मार्थेसारखी सांगून टाका. तिने तक्रार केली म्हणून येशू तिच्यावर रागावला नाही. पुनरुत्थान व जीवन मीच आहे, हे वाक्य त्याने त्या तक्रार करणाऱ्या बाईलाच सांगितलं. शिष्यांच्या मेळाव्यात नाही, देवळात नाही. भाऊ गेलेल्या बाईला, गावाबाहेर, रस्त्यात.

आणि म्हणून दगडावर तेच लिहा, असं माझं मत. वर मोठ्या अक्षरात त्यांचं नाव, खाली जन्माचं नि मरणाचं साल, गावाचं नाव. "शेतकरी" हा शब्दही लिहा, तो आपल्या कबरस्तानातल्या दगडांवर फार कमी दिसतो आणि त्यांचं आयुष्य त्यात गेलं. त्याखाली योहान 11:25. जागा असेल तर वचनही घाला, नसेल तर नुसता आकडा पुरे, वाचणारा घरी जाऊन पाहील. "अकाली" हा शब्द नको. खूप मोठा दगड घेऊ नका, कर्ज काढून तर मुळीच नको. बसवायचा तो पावसाळ्याच्या आत, उन्हाळ्यात बसवा. तुमच्याकडे काळी माती आहे, ती उन्हात भेगाळते नि पावसात फुगते, नुसत्या मातीवर ठेवलेला दगड एका पावसाळ्यात कलतो. गवंड्याला आधी खड्डा घेऊन मुरमाचा पाया भरायला सांगा आणि त्यावरच सिमेंटचा थर द्या.